मराठी फाइलनावे आणि बफरचा आकार : विंडोजवर बांधलेला गठ्ठा लिनक्सवर का सुटत नाही?

मूळ लेखन

सार्वजनिक ग्रंथालयांतील जुनी दप्तरे स्कॅन झाल्यावर त्या शेकडो फाइली एका गठ्ठ्यात बांधणारी एक लहानशी मुक्त स्रोत आज्ञावली मी गेली काही वर्षे सांभाळतो आहे. ती सी भाषेत लिहिलेली आहे आणि विंडोज, लिनक्स व मॅकओएस या तिन्हींवर ती सारखीच चालावी, अशी अपेक्षा आहे. गेल्या महिन्यात एका ग्रंथालयाच्या कार्यकर्त्यांनी कळवले की, विंडोजवर बांधलेल्या गठ्ठ्यात एका फाइलला चक्क तिच्या आधीच्या फाइलचे नाव लागले आहे. आतला मजकूर बरोबर होता, नाव मात्र दुसरेच. ज्या दप्तराची मूळ प्रत वाळवीने अर्धी खाल्ली आहे, त्याच्या स्कॅनला चुकीचे नाव लागणे म्हणजे ते हरवल्यासारखेच आहे, म्हणून मी हातातले सर्व काम बाजूला ठेवून याच्या मागे लागलो.

मूळ फाइलचे नाव असे होते : «सार्वजनिक वाचनालय वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त आणि लेखापरीक्षकांचा अहवाल सन १९७८-७९ हस्तलिखित», आणि त्यापुढे टिंब देऊन पीडीएफ ही तीन लॅटिन अक्षरे. मोकळ्या जागा, जोडरेघ आणि शेवटचे प्रत्ययचिन्ह धरून यात १०२ युनिकोड चिन्हे भरतात. विंडोजकडून हे नाव यूटीएफ-१६ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत मिळते, तेथे ते १०२ एककांचे असते आणि कोठेही अडत नाही. आमची आज्ञावली मात्र ते आत घेताना यूटीएफ-८ या दुसऱ्या पद्धतीत रूपांतरित करते आणि त्यासाठी मी २६० बाइटांचा बफर (मजकूर तात्पुरता ठेवण्याची ठरावीक लांबीची जागा) ठेवलेला होता. यूटीएफ-८ मध्ये हेच नाव २७४ बाइटांचे होते. रूपांतर करणाऱ्या फंक्शनने जागा अपुरी असल्याचे सांगून शून्य परत केले, मी तो शून्य तपासला नव्हता, आणि बफरमध्ये आधीचे जे काही उरले होते तेच नाव म्हणून पुढे गेले.

मी बफर १०२४ बाइटांचा केला आणि विंडोजवरची तक्रार मिटली. परंतु तोच गठ्ठा लिनक्स सर्व्हरवर सोडवताना आता ती फाइल तयारच होत नाही, आणि नाव फार लांब असल्याची त्रुटी येते. माझे दोन प्रश्न आहेत. १०२४ हा आकडा बरोबर आहे, की मी फक्त दुखणे पुढे ढकलले? आणि लिनक्सवरच्या अडचणीला बफर मोठा करून काहीच उपयोग नसेल, तर अशा नावांचे नेमके काय करावे?

प्रतिसाद १

या दोन वेगवेगळ्या चुका आहेत, आणि पहिलीमुळे दुसरी झाकली गेली होती. पहिली चूक आपल्या कोडमधली आहे. दुसरी फाइल सिस्टमची (डिस्कवर फाइली साठवण्याच्या व्यवस्थेची) खरीखुरी मर्यादा आहे, ती कोणताही बफर हलवू शकत नाही.

२६० हा आकडा कोठून येतो हे पाहिले, तर चूक नीट उलगडते. विंडोजमध्ये मॅक्स_पाथ या स्थिरांकाचे मूल्य २६० आहे. ड्राइव्हचे अक्षर, अपूर्णविराम (:) आणि उलटी तिरकी रेघ मिळून तीन, त्यानंतर २५६ चिन्हांचा मार्ग आणि मजकूर संपल्याची खूण असलेले शेवटचे शून्य, अशी त्याची बेरीज आहे. म्हणजे हा आकडा चिन्हांचा आहे, बाइटांचा नाही, आणि तो संपूर्ण मार्गाचा आहे, एकट्या फाइलनावाचा नाही. आपण तो फाइलनावासाठी आणि बाइटांत वापरलात. इंग्रजी नावांच्या बाबतीत एक चिन्ह म्हणजे एक बाइट असल्यामुळे ही अदलाबदल वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही, आणि पहिले लांब मराठी नाव आले की ती उघडी पडते.

«महाराष्ट्र» हा शब्द घ्या. वाचताना म, हा, रा, ष्ट्र अशी चार अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र अशी दहा चिन्हे असतात. यूटीएफ-१६ मध्ये ती २० बाइट घेतात आणि यूटीएफ-८ मध्ये ३०, कारण देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तेथे तीन बाइटांचे असते. एकाच शब्दाची लांबी ४, १०, २० आणि ३०, आणि चारही उत्तरे आपापल्या ठिकाणी बरोबर आहेत.

आता मर्यादा पाहा. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टमवर एका नावात २५५ यूटीएफ-१६ एकके चालतात, म्हणजे देवनागरीची २५५ चिन्हे. लिनक्सच्या ईएक्सटी४ वर २५५ बाइट चालतात, म्हणजे देवनागरीची फक्त ८५ चिन्हे. आकडा दोन्हीकडे २५५ असल्यामुळे माणूस निर्धास्त राहतो. विंडोजवरचे कोणतेही वैध नाव यूटीएफ-८ मध्ये जास्तीत जास्त ७६५ बाइटांचे होऊ शकते, त्यात शेवटचे शून्य धरले की ७६६. म्हणजे एकट्या नावासाठी आपले १०२४ पुरतात, पण तोच बफर संपूर्ण मार्गासाठी वापरत असाल, तर पुरणार नाहीत.

प्रतिसाद २

मग सरळ सर्वांत मोठी मर्यादा घेऊन मोकळे का होऊ नये? विंडोजवर विशेष उपसर्ग लावला की मार्ग सुमारे ३२,७६७ एककांपर्यंत जाऊ शकतो. त्याला तीनने गुणून आणि शेवटच्या शून्यासाठी एक वाढवून बफर ठेवला की विषय संपला. हल्लीच्या संगणकांवर ९६ किलोबाइट म्हणजे काहीच नाही. मी माझ्या कामात असेच करतो आणि मला त्रास झालेला नाही.

प्रतिसाद ३

वरच्या सूचनेशी मी असहमत आहे, आणि त्याचे कारण सविस्तर देतो, कारण याच उपायाने मी एकदा एक चालू आज्ञावली बंद पाडली आहे.

९६ किलोबाइट मुख्य स्मृतीत काहीच नसतात, हे खरे आहे, परंतु फंक्शनच्या आत घोषित केलेला बफर स्टॅकवर (चालू फंक्शनांसाठी राखलेल्या मर्यादित स्मृतीत) बसतो आणि स्टॅकची लांबी प्रत्येक मंचावर वेगळी असते. लिनक्सवर मुख्य थ्रेडला (आज्ञावलीतल्या कामाच्या मुख्य धाग्याला) सहसा ८ मेगाबाइट मिळतात. विंडोजवर कंपायलरला वेगळे सांगितले नसेल, तर १ मेगाबाइट. मॅकओएसवर मुख्य थ्रेड सोडून बाकीच्यांना ५१२ किलोबाइट. अल्पाइन लिनक्ससारख्या, मसल ही सी लायब्ररी वापरणाऱ्या प्रणालींवर नव्या थ्रेडला मुळात १२८ किलोबाइटच मिळतात.

धागाकर्त्यांची आज्ञावली फोल्डरच्या आत फोल्डर अशी पुनरावृत्तीने उतरत जात असणार. प्रत्येक पातळीवर ९८,३०२ बाइटांचा बफर धरला, तर विंडोजच्या १,०४८,५७६ बाइटांच्या स्टॅकमध्ये अशा दहा पातळ्या बसतात आणि अकराव्या फोल्डरवर आज्ञावली कोसळते. मसलच्या थ्रेडमध्ये ती दुसऱ्याच फोल्डरवर कोसळते. विकसकाच्या लिनक्स यंत्रावर मात्र ऐंशीहून अधिक पातळ्या सुखाने चालतात, आणि म्हणून परीक्षणात काहीही सापडत नाही. नाव न मावणे ही चूक निदान एका फाइलपुरती होती. स्टॅक संपला की गठ्ठा बांधण्याचे सगळे काम अर्ध्यावर मरते, आणि वापरणाऱ्याला कारणही कळत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, ज्याला आपण «सर्वांत मोठी मर्यादा» म्हणतो तीही भक्कम नसते. लिनक्सवर पाथ_मॅक्स ४०९६ आहे आणि मॅकओएसवर १०२४, पण लिनक्सवरचा तो आकडा एका सिस्टम कॉलला एका वेळी किती लांब मार्ग देता येईल एवढेच सांगतो. फोल्डरांत एकेक पायरी उतरत गेल्यास त्याहून खोल रचना तयार करता येते आणि अशा रचना प्रत्यक्षात आढळतात. ग्नू हर्ड या प्रणालीवर तर हा स्थिरांक मुळी दिलेलाच नाही. म्हणून आकडा वाढवण्याऐवजी आकडा काढून टाकावा, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद ४

काढून टाकायचा म्हणजे नेमके काय करायचे, ते थोडक्यात मांडतो. बहुतेक सर्व संबंधित फंक्शने आधी लांबी विचारण्याची सोय देतात, पण प्रत्येकाची रीत वेगळी आहे आणि खरी गफलत तेथेच होते.

विंडोजवर यूटीएफ-१६ मधून यूटीएफ-८ करणाऱ्या वाइडकॅरटूमल्टिबाइट या फंक्शनला बफरची लांबी शून्य देऊन बोलावले, तर ते काहीही न लिहिता लागणारे बाइट सांगते. तेवढी जागा हीपवर (हवी तेवढी मागून घेता येणाऱ्या स्मृतीत) घ्यावी, पुन्हा बोलवावे आणि दोन्ही वेळा परत आलेले मूल्य तपासावे. स्ट्रिंगची लांबी म्हणून उणे एक दिले असेल, तर उत्तरात शेवटचे शून्य मोजलेले असते. प्रत्यक्ष लांबी दिली असेल, तर ते मोजलेले नसते आणि लिहिलेलेही नसते. या एका बाइटने मला पूर्वी पुष्कळ छळले आहे.

बफरमध्ये मजकूर लिहिणारे एसएनप्रिंटएफ हे फंक्शन मानकाप्रमाणे लागणारी लांबी परत करते, शेवटचे शून्य न धरता. म्हणून परत आलेला आकडा बफरच्या आकाराएवढा किंवा त्याहून मोठा असेल, तर मजकूर कापला गेला असे समजावे. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये मानकाप्रमाणे वागणारे रूप व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासून आले. त्याआधी लोक अधोरेघेने सुरू होणारे जुने रूप वापरत, आणि ते मजकूर मावला नाही तर शेवटी शून्य लावतच नसे. जुन्या कोडमध्ये एका नावाच्या जागी दुसरे नाव वापरणारा मॅक्रो अजूनही सापडतो. आपल्या कोडमध्ये तो असल्यास आजच काढावा.

रीडलिंक हे लिनक्स आणि मॅकओएसवरचे, दुवा कोठे नेतो ते वाचणारे फंक्शन शेवटी शून्य लावत नाही आणि मजकूर मावला नाही तर मुकाट्याने कापते. परत आलेली लांबी बफरच्या आकाराइतकीच असेल, तर बफर दुप्पट करून पुन्हा प्रयत्न करणे हाच मार्ग आहे. संपूर्ण मार्ग शोधून देणाऱ्या रिअलपाथला मात्र दुसऱ्या जागी नल (रिकामा पत्ता) दिला की पॉसिक्स या मानकाच्या २००८ च्या आवृत्तीनुसार ते स्वतःच पुरेशी जागा घेते.

आणखी एक सांगावेसे वाटते. विंडोजची रुंद अक्षरांची अनेक फंक्शने बफरचा आकार अक्षरांत मागतात आणि आपण सवयीने साइझऑफ लिहितो, जे बाइटांत उत्तर देते. रुंद अक्षर विंडोजवर दोन बाइटांचे असते, म्हणजे आपण असलेल्या जागेच्या दुप्पट जागा आहे असे सांगतो. हेच कोड लिनक्सवर नेले, तर तेथे रुंद अक्षर चार बाइटांचे असते आणि थाप चौपट होते. मी प्रत्येक चलाच्या नावातच एकक लिहितो, उदाहरणार्थ «लांबी_बाइट» किंवा «लांबी_एकके», आणि दोन वेगळ्या एककांची चले एका समीकरणात दिसली की थांबतो.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. दोन संध्याकाळी बसून संपूर्ण कोड वाचून काढला. २६० हा आकडा मी स्वतः सात ठिकाणी लिहिलेला निघाला, आणि त्यातल्या पाच ठिकाणी एकक चुकीचे होते. आता नाव आणि मार्ग दोन्ही हीपवर, आधी लांबी विचारून घेतले जातात. प्रतिसाद ३ वाचल्यावर फोल्डर उतरण्याची पद्धतही बदलली : पुनरावृत्तीऐवजी पाहायच्या फोल्डरांची रांग ठेवली आहे, म्हणजे खोली वाढली तरी स्टॅक वाढत नाही.

सी कंपायलरच्या ॲड्रेस सॅनिटायझर या स्मृतीतल्या चुका पकडणाऱ्या सोयीखाली आज्ञावली चालवल्यावर आणखी एक चूक मिळाली. लिनक्सवर रीडलिंकने भरलेल्या बफरच्या शेवटी मी शून्य लावत होतो, परंतु बफर पूर्ण भरला असेल तर ते शून्य बफरच्या एक घर पुढे पडत होते. इतकी वर्षे ते घर योगायोगाने रिकामे असावे.

राहिला प्रश्न २७४ बाइटांच्या नावाचा. ते लिनक्सवर कसे उतरवावे?

प्रतिसाद ५

गठ्ठ्यात मूळ नाव संपूर्ण ठेवावे, याविषयी तडजोड करू नये. कापायचेच असेल तर ते गठ्ठा सोडवताना, आणि ज्या फोल्डरात फाइल उतरणार आहे तेथील मर्यादा विचारूनच कापावे. लिनक्स आणि मॅकओएसवर पाथकॉन्फ हे फंक्शन त्या विशिष्ट फोल्डरची नावाची मर्यादा सांगते. २५५ गृहीत धरू नये. उदाहरणार्थ, ईक्रिप्टएफएसने नावे कूटबद्ध केली असतील तर १४३ बाइटच उरतात. आपण गठ्ठ्यासाठी जुने यूएसटार स्वरूप वापरत असाल, तर तेही बदलावे. त्यात नावाच्या रकान्याला १०० बाइट आहेत आणि नावाआधीच्या मार्गासाठी वेगळे १५५, म्हणजे मराठी नावाला जेमतेम ३३ चिन्हे. त्याच्या पॅक्स या विस्तारात ही अडचण राहत नाही.

कापण्याची रीत फार जपून ठरवावी लागते. समजा मूळ नावातून काही बाइट ठेवायचे, मग अधोरेघ, मग संपूर्ण नावावरून काढलेल्या हॅशचे (गणिताने काढलेल्या छोट्या खुणेचे) आठ षोडशमान अंक, आणि शेवटी टिंबासह चार बाइटांचे प्रत्ययचिन्ह. हॅश यासाठी की «सार्वजनिक वाचनालय वार्षिक सर्वसाधारण सभेचे…» अशा एकसारख्या सुरुवातीची वीस वर्षांची वीस इतिवृत्ते असणार, आणि नुसते कापले तर ती सर्व एकाच नावावर येऊन एकमेकांना पुसून टाकतील. २५५ मधून १३ वजा केल्यावर २४२ बाइट उरतात. आपल्या नावात २४२ वा बाइट नेमका «१९७८-७९» च्या शेवटी येतो, त्यामुळे फक्त «हस्तलिखित» जाईल.

पण १४३ ची मर्यादा असेल तर १३० बाइट उरतात, आणि तेथे गडबड दिसते. «सभेचे» आणि त्यानंतरची मोकळी जागा येईपर्यंत ११९ बाइट होतात. पुढे इ, त आणि वेलांटी यांचे नऊ बाइट, म्हणजे १२८. उरलेल्या दोन बाइटांत «वृ» मधल्या व चे तीनपैकी दोनच बाइट येतात. असे नाव यूटीएफ-८ म्हणून अवैध आहे. लिनक्स ते मुकाट्याने स्वीकारेल आणि नंतर फाइल दाखवणारी प्रत्येक आज्ञावली तेथे प्रश्नचिन्हाचा चौकोन दाखवील. म्हणून जेथे काप पडणार त्या बाइटावर पाहावे : त्याचे मूल्य १२८ ते १९१ च्या दरम्यान असेल, तर तो चिन्हाच्या मधला बाइट आहे. चिन्हाचा पहिला बाइट सापडेपर्यंत मागे यावे आणि त्याच्या आधी कापावे. येथे १२८ बाइटांवर थांबून «इति» उरते.

एवढ्यानेही मराठी वाचकाचे समाधान होत नाही. «महाराष्ट्र» मधल्या ट नंतरच्या हलन्तावर कापले तर नाव वैध राहते, पण लोंबता हलन्त दिसतो. युनिकोडच्या अक्षरसमूहांच्या नियमांप्रमाणे सीमा शोधणारी आयसीयू लायब्ररी वापरता येते. तेवढे अवलंबित्व नको असेल, तर काप पडल्यावर शेवटचे चिन्ह हलन्त असेल तर तो आणि त्याच्या आधीचे व्यंजन काढावे आणि पुन्हा पाहावे. हा नियम सर्व भाषांना पुरणार नाही, परंतु देवनागरीचे बरेचसे काम भागवतो.

प्रतिसाद ६

विषयाला धरूनच एक भर. आपली आज्ञावली स्कॅनमधला मजकूर काढण्यासाठी दुसरी आज्ञावली चालवत असेल आणि तिचे उत्तर पाइपमधून (एका आज्ञावलीचे उत्तर दुसरीकडे नेणाऱ्या मार्गातून) घेत असेल, तर तेही तपासावे. लिनक्सवर पाइपमध्ये सहसा ६४ किलोबाइट मावतात, विंडोजवर मुळात याच्या मानाने फारच कमी. मूळ आज्ञावलीने आधी दुसरी संपण्याची वाट पाहिली आणि मग वाचायला घेतले, तर पाइप भरताच दोघीही एकमेकींसाठी कायमच्या थांबतात. इंग्रजी पानाचा मजकूर मावून जातो. तेवढ्याच अक्षरसंख्येचे मराठी पान यूटीएफ-८ मध्ये जवळजवळ तिप्पट असते आणि ते मावेलच असे नाही. उपाय पाइप मोठा करण्यात नाही. वाचत राहावे आणि मगच वाट पाहावी.

प्रतिसाद ७

मॅकओएसवर नावे कोणत्या रूपात साठवली जातात याविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. «दुसऱ्या» या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये ऱ या स्वतंत्र चिन्हाला हलन्त जोडून लिहिता येतो, आणि त्या ऱ चे विघटन र अधिक नुक्ता असे होते. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टम नावे विघटित रूपातच साठवते. म्हणून ७ चिन्हांचे आणि २१ बाइटांचे «दुसऱ्या» तेथे साठवले की ८ चिन्हांचे आणि २४ बाइटांचे होऊन परत येते. नाव लिहिताना मोजलेल्या लांबीचा बफर नंतर वाचताना वापरला, तर तीन बाइट कमी पडतील. मॅकची नवी एपीएफएस फाइल सिस्टम नाव दिलेल्या रूपात जपून ठेवते, परंतु जुन्या बाह्य डिस्क ग्रंथालयांमध्ये अजून पुष्कळ आहेत. शिवाय काही कळफलक हाच अर्धा र र, हलन्त आणि शून्यरुंदीचा जोडक अशा तीन चिन्हांनी लिहितात. तेही २४ बाइटच होतात, पण ते वेगळे नाव असते. लांबी आणि हॅश काढण्याआधी नाव एकाच प्रमाणित रूपात आणावे, अशी माझी विनंती आहे.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

प्रतिसाद ५ प्रमाणे कापणी लिहिली आणि प्रतिसाद ७ वाचून हॅश काढण्याआधी नाव संयोजित रूपात आणले. जोडकाने लिहिलेला अर्धा र त्या रूपांतरानेही बदलत नाही, म्हणून तो स्वतंत्रपणे ओळखून ऱ आणि हलन्त या रूपात आणतो. हा बदल फक्त हॅशपुरता आहे, साठवलेल्या नावाला मी हात लावलेला नाही. मजकूर काढणारी आज्ञावली आम्ही पाइपनेच चालवत होतो आणि वाट आधी पाहत होतो, तेही सुधारले.

परीक्षणासाठी आता नावांची एक वेगळी यादी ठेवली आहे : ८५ आणि ८६ चिन्हांची नुसती देवनागरी नावे, २५५ चिन्हांचे एक नाव, «महाराष्ट्र» प्रत्येक बाइटावर कापलेले, आणि «दुसऱ्या» तिन्ही प्रकारांनी लिहिलेले. ही यादी प्रत्येक बदलानंतर तिन्ही प्रणालींवर चालते. ग्रंथालयाच्या सर्व्हरवर काल रात्री गठ्ठा सोडवला. १९७८-७९ चे इतिवृत्त कापलेल्या नावाने उतरले आणि सोबतच्या सूचीत त्याचे संपूर्ण नाव, «हस्तलिखित» या शब्दासह, आले. एचएफएस प्लसची डिस्क माझ्याकडे नाही. ज्यांच्याकडे असेल, त्यांनी ती यादी एकदा चालवून निकाल येथे द्यावा.